बंद पाकिटातली चिठ्ठी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरात एक शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. तो शब्द म्हणजे कुर्रा. हजला जाण्यासाठी अर्ज जास्त आणि जागा कमी असल्या, की नावांची सोडत काढतात. तिला कुर्रा म्हणतात. माझ्या अब्बांचं नाव दोनदा आलं नाही, तिसऱ्या वेळी आलं. नाव न आल्याच्या दिवशी घरात सगळे गप्प असायचे. अब्बा मात्र म्हणायचे, "चिठ्ठीवर रुसायचं नसतं. ती कुणाची ओळख बघत नाही, कुणाचा वशिला ऐकत नाही."

चिठ्ठी आपल्या सगळ्यांच्याच ओळखीची आहे. गल्लीतल्या बायकांची भिशी चिठ्ठीवर चालते. पोरांच्या क्रिकेटमध्ये पहिली बॅटिंग कुणाची, ते छापा-काट्यावर ठरतं. भाऊ-भाऊ वाटण्या करतात तेव्हाही शेवटी चिठ्ठ्या टाकतात, म्हणजे कुणाला कुणावर आळ घ्यायला जागा राहत नाही. पण हीच चिठ्ठी दवाखान्यात शिरली, आणि कोणत्या रोग्याला औषध द्यायचं नि कोणाला नाही हे ती ठरवू लागली, असं कुणी सांगितलं तर आपण दचकू. मीही दचकलो होतो. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. गणित दहावीतच सुटलं. तरी या चिठ्ठीचा इतिहास मी गेली काही वर्षं चिकाटीनं वाचला, याचं कारण आमच्या घरातल्या दोन बायका आहेत.

पहिली माझी फुफू, अब्बांची थोरली बहीण. मी तिला पाहिलेलं नाही. १९५० च्या सुमाराला तिला क्षय झाला. त्या काळी क्षय म्हटलं की घराबाहेर काढणं आलं. घरच्यांनी पदरमोड करून तिला लांबच्या एका सॅनेटोरियममध्ये ठेवलं. मागे दीड वर्षाची मुलगी होती. दादी सांगायची, की फुफू जाताना मुलीला जवळ घेऊ दिलं नाही. लांबूनच तिनं हात हलवला. चौदा महिन्यांनी ती तिकडेच गेली. तिचं ताट-वाटी कोनाड्यात वेगळं ठेवलेलं होतं, ते दादीनं पुढे कित्येक वर्षं तिथून हलवलं नाही.

दुसरी माझी आई. तिला क्षय झाला १९७९ मध्ये. मी आठ वर्षांचा होतो. या वेळी मात्र कुणी तिला कुठे पाठवलं नाही. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या. सुरुवातीचे दोन महिने कंपाउंडर इंजेक्शन द्यायचे. आई घरीच राहिली, भाकऱ्या थापत राहिली, रात्री आम्हांला जवळ घेऊन झोपत राहिली. दीड वर्षानं ती बरी झाली आणि पुढे पस्तीसहून अधिक वर्षं जगली.

एकाच घरातल्या या दोन बायकांच्या नशिबात एवढा फरक कसा पडला? औषधं निघाली, हे उत्तर खरं आहे, पण ते अर्धं आहे. औषध निघाल्यावरही रोग्याला घराबाहेरच ठेवायचं, हा समज होताच. तो समज मोडला एका चिठ्ठीनं. ती गोष्ट मद्रासची आहे. पण तिथं पोहोचण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

औषधाचा गुण खरा की योगायोग, हा प्रश्न फार जुना आहे. शंभरातले साठ रोगी औषध घेऊन बरे झाले, तर श्रेय औषधाचं, की त्यातले बरेच जण आपोआपच बरे होणार होते? हे कळायचं तर औषध न घेतलेल्या तशाच लोकांशी तुलना करायला हवी. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबू खाणारे दोघे सर्वांत लवकर उठले. तुलना झाली, पण कोणाला कोणत्या जोडीत घालायचं, ते लिंडनंच ठरवलं होतं.

या प्रश्नाचा एक अध्याय आपल्या मुंबईतही घडला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्मे कैदी लस घ्यायला तयार झाले, बाकीचे नाही झाले. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, मृत्यू एकाचाही नाही.

आकडे बोलके आहेत. पण एक खोच राहतेच. आपणहून हात पुढे करणारा माणूस आणि मागे सरणारा माणूस, हे दोघे सारखे असतात का? पुढे येणारा कदाचित जास्त धडधाकट असेल. मागे सरणाऱ्याला त्या दिवशी आधीच कणकण असेल. मग फरक लसीनं पाडला की माणसांमधल्या फरकानं? हाफकिन यांनाही ही अडचण दिसली असावी. कारण पुढच्या वर्षी, जानेवारी १८९८ मध्ये, उमरखाडीच्या तुरुंगात त्यांनी रांगेत बसलेल्या कैद्यांपैकी एकाआड एकाला लस टोचली. आता निवड कैद्याच्या मर्जीवर राहिली नाही. ज्यांच्या नावानं परळची हाफकिन संस्था उभी आहे, ते गृहस्थ या वाटेवर फार लवकर निघाले होते.

एकाआड एक ही पद्धत चांगली, पण तिच्यातही एक फट आहे. पुढचा नंबर कुणाचा, हे डॉक्टरला आधीच कळतं. समोर अगदी खंगलेला रोगी आला, आणि आज औषधाची पाळी आहे हे डॉक्टरला ठाऊक असलं, तर त्याचं मन काय म्हणेल? याच्यावर औषध वाया जाईल, याला उद्या घेऊ. किंवा उलट, या बिचाऱ्याला औषध मिळायलाच हवं, म्हणून तो रांग मागेपुढे करील. यात लबाडी नाही, माणुसकीच आहे. पण या माणुसकीनं दोन्ही गट नकळत वेगळे होतात आणि तुलना नासते. आपल्या मनापासूनच प्रयोगाला वाचवायचं कसं, हा खरा पेच होता.

त्यावर तोड सापडली शेतात. रोनाल्ड फिशर हे इंग्रज संख्याशास्त्रज्ञ १९१९ पासून रॉथमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात काम करत होते. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, एकाच शेतात चार तऱ्हेची जमीन असते. बांधाकडची वेगळी, ओढ्याकडची वेगळी. नवं खत ओढ्याकडच्या तुकड्यात टाकलं आणि पीक जोरात आलं, तर खताचं कौतुक करायचं की ओढ्याचं? फिशर म्हणाले, शेताचे लहान तुकडे पाडा आणि कोणत्या तुकड्यात कोणतं खत घालायचं ते चिठ्ठीनं ठरवा. मग जमिनीचा कस, पाणी, ऊन, आपल्याला ठाऊक असलेले आणि नसलेले सगळे भेद दोन्ही बाजूंना साधारण सारखे वाटले जातील. जे थोडं कमीजास्त होईल, ते केवळ योगायोगानं होईल. आणि योगायोगाचा हिशेब मांडता येतो.

तो हिशेब कसा मांडायचा, हे फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात चहाच्या गोष्टीतून सांगितलं. रॉथमस्टेडमध्ये म्युरिअल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाई होत्या. कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे मी चवीवरून सांगते, असं त्या म्हणत. पुस्तकातला प्रयोग असा, की आठ कप करायचे, चार दूध आधीचे आणि चार चहा आधीचे. त्यांचा क्रम चिठ्ठीनं ठरवायचा. बाईंनी दूध आधीचे चार ओळखायचे. आता आठांतून चार कप निवडण्याचे एकूण सत्तर प्रकार होतात. त्यातला एकच पूर्ण बरोबर. म्हणजे बाईंना काही कळत नसेल आणि त्या नुसता अंदाज ठोकत असतील, तर सगळं बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. तेव्हा आठही कप बरोबर आले, तर 'अंदाजानं जमलं' असं म्हणणं जड जाईल.

मित्रहो, संख्याशास्त्रातल्या अनुमानाचं सार माझ्यासारख्या गणितात कच्च्या माणसाला या चहाच्या आठ कपांत सापडलं. आधी धरून चालायचं की काही फरक नाही, सगळा योगायोग आहे. मग विचारायचं, की योगायोगानं असं घडणं किती दुर्मिळ? फारच दुर्मिळ असेल, तर योगायोगाची सबब सोडून द्यायची. यात 'सिद्ध झालं' अशी छाती ठोकून केलेली भाषा नाही. आपण किती चुकू शकतो हे आधी मोजायचं आणि मग बोलायचं, अशी ही रीत आहे. आम्हां कवींना ही सवय असती तर निम्म्या कविता लिहिल्याच गेल्या नसत्या.

शेतातली ही चिठ्ठी आपल्या शिवारातही आली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि पिकाचा अंदाज बांधण्यासाठी चिठ्ठीनं शेतं निवडून कापणी करण्याची पद्धत त्यांनी देशात रुजवली. पीक विम्यासाठी आजही आपल्या गावात 'पीक कापणी प्रयोग' होतो, तो याच कुळातला.

शेतातून ही चिठ्ठी दवाखान्यात नेणारा माणूस स्वतः क्षयाचा जुना रोगी होता. त्यांचं नाव ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. पण पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून गेले आणि क्षय घेऊन परतले. जगतील अशी फारशी आशा नव्हती. काही वर्षं अंथरुणात आणि विश्रांतीत गेली. वैद्यकीचं शिक्षण राहूनच गेलं. अंथरुणावरून त्यांनी बाहेरून परीक्षा देऊन अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे वैद्यकातल्या आकड्यांकडे वळले. १९३७ मध्ये त्यांनी डॉक्टरांसाठी सोप्या भाषेत लेखमाला लिहिली, पण चिठ्ठीनं रोगी वाटण्याचा उल्लेख मुद्दाम टाळला. डॉक्टर मंडळी बिचकतील, ही भीती. आधी त्यांना एकाआड एकपर्यंत तरी आणू, असा त्यांचा विचार होता.

संधी आली ती औषधाच्या टंचाईमुळे. १९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याला स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षयाच्या जंतूंवर चालणारं हे पहिलं अँटिबायोटिक. महायुद्धानंतर ब्रिटनकडे डॉलर नव्हते, औषध मोजकंच मिळालं. सगळ्या रोग्यांना द्यायला ते पुरणारच नव्हतं. तेव्हा तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं ठरवलं, की मोजकं औषध मर्जीनं किंवा ओळखीनं वाटण्यापेक्षा त्याची नीट परीक्षा करावी. हिल म्हणाले, चिठ्ठी टाकू.

व्यवस्था अशी होती. दोन्ही फुप्फुसांत वेगानं पसरलेला क्षय झालेले तरुण रोगी निवडायचे, ज्यांच्यावर त्या वेळच्या इतर उपायांचा उपयोग नव्हता. हिल यांनी यदृच्छ आकड्यांच्या कोष्टकावरून आधीच क्रम लावून ठेवला, प्रत्येक रुग्णालयासाठी आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळा. प्रत्येक क्रमांकाचं एक बंद पाकीट. वर फक्त रुग्णालयाचं नाव आणि नंबर. रोगी प्रयोगासाठी योग्य आहे असं समितीनं एकदा ठरवलं, की मगच मध्यवर्ती कचेरीत ते पाकीट फोडायचं. आत एक कार्ड. त्यावर 'एस' असेल तर स्ट्रेप्टोमायसिन आणि अंथरुणात विश्रांती, 'सी' असेल तर नुसती विश्रांती. निवड करताना पाकिटात काय आहे हे कोणालाच माहीत नाही. वशिला लावायचा तरी कुणाकडे? पुढे एक्स-रे तपासणाऱ्या तज्ज्ञांनाही फोटो कोणत्या गटातल्या रोग्याचा आहे, हे सांगितलं नव्हतं.

१९४७ च्या जानेवारीपासून रोगी घ्यायला सुरुवात झाली. एकूण १०७ रोगी. 'एस'चे ५५, 'सी'चे ५२. सहा महिन्यांनी पाहिलं तर औषधाच्या गटात ४ मृत्यू, दुसऱ्या गटात १४. एक्स-रेमध्ये मोठी सुधारणा दिसली ती औषधवाल्यांपैकी ५१ टक्क्यांत आणि दुसऱ्या गटात अवघ्या ८ टक्क्यांत. मृत्यूंमधला एवढा फरक नुसत्या योगायोगानं पडण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी होती. ३० ऑक्टोबर १९४८ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा अहवाल छापून आला. आधुनिक औषध-चाचणीची कुळकथा सांगायची तर बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

इथं माझ्यातला संख्याशास्त्राचा चाहता थांबतो आणि फुफूचा भाचा बोलू लागतो. त्या ५२ जणांचं काय? ती पंधरा ते तीस वर्षांच्या आतबाहेरची मुलंमुली होती. आपण कुठल्या प्रयोगात आहोत, हे रोग्यांना सांगितलेलंही नव्हतं. शेजारच्या वॉर्डात नवं औषध चालू आहे आणि आपलं पाकीट दुसऱ्या अक्षराचं निघालं, हे त्यांतल्या चौदा जणांना मरेपर्यंत ठाऊक नव्हतं. आजच्या नियमांनी हे चालणार नाही. आज रोग्याला सगळं समजावून त्याची संमती घ्यावी लागते, चाचणीआधी नैतिक समितीची मंजुरी लागते. हिल यांची बाजू एवढीच, की औषध तसंही सर्वांना पुरत नव्हतं. चिठ्ठी नसती तरी बहुतेकांना ते मिळालं नसतं. ही बाजू मला पटते. तरी ते ५२ मनातून जात नाहीत.

गोष्ट इथं संपत नाही. पाच वर्षांनी पुन्हा मोजणी झाली तेव्हा औषधाच्या गटातले ५५ पैकी ३२ दगावले होते आणि दुसऱ्या गटातले ५२ पैकी ३५. म्हणजे सुरुवातीचा मोठा फरक जवळजवळ पुसला गेला होता. क्षयाचे जंतू एकट्या औषधाला सरावले होते. हे सत्य कळलं तेही त्या ५२ जणांमुळे. तुलनेला ते नसते, तर सहा महिन्यांच्या यशावर सगळं जग खूश राहिलं असतं. लगेच पुढची चाचणी झाली. स्ट्रेप्टोमायसिनबरोबर पी.ए.एस. हे दुसरं औषध दिलं तर जंतू सहसा सरावत नाहीत, हे तिच्यात दिसलं. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. आज क्षयावर एकाच वेळी तीन-चार औषधं देतात, त्याचं मूळ इथं आहे.

आता येऊ मद्रासला. औषधाच्या गोळ्या आल्या, पण आपल्या देशात लाखो रोगी आणि सॅनेटोरियममधल्या खाटा मूठभर. मिरज, पाचगणी, औंध ही नावं आपल्याकडे घराघरात ठाऊक होती, पण तिथं जागा मिळणं आणि खर्च परवडणं किती जणांना शक्य होतं? गोळ्या घरी देऊन भागेल का? बहुतेक तज्ज्ञांना शंका होती. मोकळी हवा, सकस अन्न, पूर्ण विश्रांती ही क्षयावरच्या उपचाराची शंभर वर्षांची त्रिसूत्री. झोपडीत, अर्धपोटी, काम करत राहणारा रोगी कसा बरा होणार? शिवाय घरातल्या पोराबाळांना लागण होईल ती वेगळीच.

१९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासला क्षयरोग उपचार केंद्र काढलं. डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख. शहराच्या गरीब वस्त्यांतले १९३ रोगी घेतले आणि पुन्हा चिठ्ठी टाकली. या वेळी प्रश्न औषध की बिनऔषध असा नव्हता. सगळ्यांना तीच औषधं, आयसोनियाझिड आणि पी.ए.एस., वर्षभर. चिठ्ठीनं ठरायचं ते एवढंच, की कोण घरी राहणार आणि कोण सॅनेटोरियमला जाणार. मला वाटतं, हा प्रश्न ५२ जणांच्या प्रश्नापेक्षा अधिक माणुसकीचा होता. दोन्ही पाकिटांत औषध होतं.

वर्षभरात दोन्हींकडचा फरक डोळ्यांना दिसत होता. सॅनेटोरियममध्ये चांगलं अन्न, खाट, परिचारिका, विश्रांती. घरी दाटीवाटी, निकृष्ट जेवण आणि कामाचं ओझं. मात्र सॅनेटोरियममधले काही रोगी मध्येच निघून गेले. घरची ओढ हीसुद्धा एक गोष्ट असते, ती कुठल्या एक्स-रेत दिसत नाही.

निकाल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा हिशेब शेवटी करता आला त्यांत घरचे ८२ आणि सॅनेटोरियमचे ८१ होते. बारा महिन्यांनी घरच्यांपैकी ८६ टक्के आणि सॅनेटोरियमवाल्यांपैकी ९२ टक्के रोग्यांच्या थुंकीत जंतू दिसेनासे झाले होते, रोग शांत झाला होता. आता तो आठ कपांचा चहा आठवा. सहा टक्क्यांचा फरक आहे खरा. पण एवढ्या लोकांत इतका फरक नुसत्या चिठ्ठीच्या खेळानंही सहज पडू शकतो. स्ट्रेप्टोमायसिनच्या ४ आणि १४ सारखा हा फरक नाही. ज्या सॅनेटोरियमसाठी माणसं घरदार गहाण टाकत होती, त्याचा गोळ्यांच्या जोडीला फारसा जादा फायदा दिसलाच नाही.

आणि घरातली पोरंबाळं? त्यांच्यावर तर पाच वर्षं नजर ठेवली. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबात नवे रोगी जास्त निघाले नाहीत. लागण व्हायची ती बहुतेक निदानाआधीच, उपचार सुरू होण्यापूर्वी होऊन गेलेली असते, हे त्यातून कळलं. उपचार सुरू झाल्यावर रोग्याला घराबाहेर काढून घरच्यांना काही मिळत नव्हतं. १९६२ मध्ये देशाचा क्षयरोग कार्यक्रम घरगुती उपचारांवर उभा राहिला. पुढे जगभरातली सॅनेटोरियमं हळूहळू रिकामी झाली, त्यात मद्रासच्या या चिठ्ठीचा मोठा वाटा आहे.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. १९७९ मध्ये आई घरी राहिली, आम्हांला जवळ घेऊन झोपली, ते डॉक्टरांच्या नुसत्या दयाळूपणामुळे नव्हे. वीस वर्षांपूर्वी मद्रासच्या कुठल्या तरी वस्तीत कुणाच्या तरी नावाचं पाकीट फुटलं होतं म्हणून. शेजारची एक मावशी तेव्हा आईला म्हणाली होती, "पोरांना आजोळी पाठव, ताट वेगळं कर." दादीनंच तिला गप्प केलं. म्हणाली, "एकदा केलं ते पुरे झालं." दादीनं मद्रासचं नावही ऐकलं नसेल. पण डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, आणि डॉक्टरांना मद्रासनं.

अगदी अलीकडेही या चिठ्ठीनं आपल्याला वाचवलं आहे. २०२० आठवा. कोरोनाच्या दिवसांत 'प्लाझ्मा हवा आहे, अमुक रक्तगट, तातडीनं' असे निरोप रोज फोनवर यायचे. बरे झालेले लोक धावत जायचे. मीही निरोप पुढे पाठवत होतो. भावना खरीच होती. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर चिठ्ठी टाकून चाचणी घेतली, तेव्हा प्लाझ्मामुळे रोग बळावणं किंवा मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. २०२१ च्या मे महिन्यात प्लाझ्मा सरकारी उपचारांच्या यादीतून गेला. उलट डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध. ब्रिटनमध्ये जून २०२० मध्ये अशाच चाचणीतून कळलं, की व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांचे मृत्यू त्यानं सुमारे एक तृतीयांशानं घटतात. ज्याचा गाजावाजा झाला ते फोल ठरलं आणि ज्याची कुणी आठवण काढत नव्हतं त्यानं प्राण वाचवले. नुसत्या डोळ्यांना आणि नुसत्या कळकळीला हे कधी दिसलं नसतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मद्रासच्या प्रयोगाचा अर्थ गरीब रोग्याला अन्नाची गरज नाही, असा काढला तर ती मोठी चूक होईल. रोग शांत करायला त्या गोळ्या पुरल्या, एवढंच त्यातून निघालं. पुढे झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या कुटुंबांना शिधा देऊन अशीच चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. शिधा मिळालेल्या घरांत नवे क्षयरोगी सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाले. चिठ्ठीला जेवढं विचारावं तेवढंच ती सांगते. पुढचा प्रश्न विचारायचं काम आपलं आहे.

हिल यांना पुढे सर हा किताब मिळाला, फिशर यांच्या नावानं पुस्तकं भरली. मद्रासचं ते केंद्र आज चेन्नईत राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून उभं आहे. पण १०७ जणांची आणि १९३ जणांची नावं कुठल्या अहवालात नाहीत. ती असूही नयेत. रोग्याचं नाव झाकून ठेवणं हाही उपचाराचाच भाग आहे. माझ्यापुरतं म्हणाल तर, मद्रासच्या ज्या रोग्यांच्या चिठ्ठीवर 'घर' निघालं, ते सगळे माझ्या आईचे नातलग आहेत.

आई गेल्यावर घर आवरताना कोनाड्यातलं ते ताट सापडलं. काळं पडलं होतं. फुफूची मुलगी, माझी आपा, तेव्हा आली होती. तिनं ते चिंचेनं घासून लख्ख केलं आणि त्याच ताटात सगळ्यांना जेवण वाढलं.